राग मोजणारी बाई

आमच्या प्रभादेवीच्या इमारतीतल्या एका बाईंनी मला एकदा जिन्यात गाठलं. हातात भाजीची पिशवी, आवाज अगदी खाली.

"तुम्ही म्हणे राग मोजता?"

"खेळाडूंचा," मी म्हटलं.

"आमचे हे कॉलेजात खो-खो खेळायचे. चालेल?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांना खरंच मोजून हवा होता. निवृत्त होऊन मला काही वर्षं झाली, तरी आजही कुठल्या लग्नात माझी ओळख करून दिली की समोरचा माणूस दोन पावलं मागे सरतो, जणू पर्समधून थर्मामीटर काढून मी त्याच्या काखेत घालणार आहे.

मी मानसशास्त्राची प्राध्यापक. नोकरी दादरच्या एका कॉलेजात, माहेर गिरगावातलं. आजोबा, वडील, काका सगळे कचेरीतले. आमच्या घरात खेळ म्हणजे कॅरम, आणि त्यातही दुसऱ्याची सोंगटी चुकून हलली तर माफी मागायची पद्धत. अशा घरातली मुलगी कबड्डी, ज्यूदो आणि बॉक्सिंगच्या मैदानांवर कशी पोचली, हे सांगत बसले तर संपादकांनी दिलेली पानं त्यातच संपतील. पोचले आणि रमले, एवढं पुरे.

काम काय होतं, ते मात्र सांगायला हवं. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत दोन गोष्टी असतात आणि लांबून त्या सारख्याच दिसतात. एक म्हणजे जोर. कबड्डीत चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरायचा, तिला खाली आणायचं, मधल्या रेषेपर्यंत पोचू द्यायचं नाही. चौघी अंगावर पडतात, पाहणाऱ्याला मारामारी वाटते. ती मारामारी नसते. दुसरी गोष्ट म्हणजे समोरचीला लागावं, दुखावं, ही इच्छा. त्याच पकडीत कुणी जाणूनबुजून गुडघा पिरगाळला तर बाहेरून चित्र तेच दिसतं, आतला मामला वेगळा असतो. पहिल्या गोष्टीवाचून खेळ होत नाही. दुसरीमुळे माणसं जायबंदी होतात. या दोन्ही कुठल्या खेळाडूत किती आहेत, याचा अंदाज घेणं हे माझं काम.

तो घ्यायचे मार्ग साधे होते. खेळाडूला विचारायचं, तिच्याबरोबरच्यांना विचारायचं, आणि तिचे सामने पुन्हापुन्हा बघून कुठे काय झालं त्याच्या नोंदी करायच्या. विचारायचं म्हणजे प्रश्नावली द्यायची. "मला कुणी मुद्दाम लागेल असं खेळलं, तर संधी मिळताच मी परतफेड करते" अशी विधानं असतात. समोर 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत चौकटी. खूण करायची. शेवटी सगळ्यांची बेरीज.

आता, कोण कबूल करणार? एका ज्यूदोच्या संघाने भरून दिलेल्या प्रश्नावल्या वाचून मला वाटलं, ही मंडळी स्पर्धेला नाही, कीर्तनाला निघाली आहेत. त्यासाठी आम्ही मधूनमधून चाळणीची विधानं पेरायचो. "मी आयुष्यात कधीच कुणावर चिडलेली नाही." यांच्यापुढे 'खरं' आणि 'खोटं' एवढ्या दोनच चौकटी. यावर जी 'खरं' अशी खूण करते, तिच्या बाकीच्या साधेपणाकडे जरा जपून बघायचं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतले एक गृहस्थ आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला घेऊन आले. मुलगा बॉक्सर, खांदे दारात मावत नव्हते. "मॅडम, सगळं आहे, पण हा मारतच नाही. जरा आक्रमक करून द्या." शर्टाची बाही आखूड करून द्या म्हणावं, तसं. वडिलांना बाहेर बसवून मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, समोरच्याच्या नाकातून रक्त आलं ना, की मलाच कसंतरी होतं. मग मी थांबतो." मी वडिलांना सांगितलं, मुलगा उत्तम आहे, खेळ बदला. ते माझ्यावर इतके चिडले की त्यांचा राग मात्र न मोजता कळला. मुलगा पुढे पोहण्यात गेला आणि सुखी झाला.

पण लिहायला बसले ती हर्षदासाठी.

हर्षदा वरळी कोळीवाड्यातली. वडिलांची पाठ गेल्यामुळे त्यांचं होडीवर जाणं सुटलेलं, आई दादरला मासळी विकायची. एका मोठ्या कंपनीच्या महिला कबड्डी संघात हर्षदा उजवा कोपरा सांभाळायची आणि त्याच कंपनीत टपाल विभागात कामाला होती. खेळावर मिळालेली नोकरी, अजून कायम न झालेली. म्हणजे संघातून नाव गेलं की टेबलही जाणार. तिच्या पकडीची ख्याती अशी, की चढाईला येणाऱ्या मुली तिच्या कोपऱ्याकडे फिरकायच्या नाहीत.

फिरकायची ती एकटी प्रणाली. ती लालबागच्या एका मंडळाची चढाईपटू, चपळ आणि तोंडाने तिखट. परळच्या मैदानावर या दोन संघांचा सामना झाला, त्यात प्रणालीचा घोटा हर्षदाच्या हातात सापडला, वरून बाकीच्या तिघी आल्या आणि प्रणालीच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. खेळात असं होतं. पण पुढे जे झालं ते कुणीतरी मोबाइलवर टिपलं. प्रणाली खाली तळमळते आहे आणि हर्षदा उठून, मांडीवर थाप मारून, प्रेक्षकांकडे बघत ओरडते आहे. एवढाच काही क्षणांचा तुकडा. संध्याकाळपर्यंत तो सगळीकडे फिरला. खाली लोकांनी जे लिहिलं होतं ते मी वाचलं आणि मला प्रश्न पडला की माझ्या प्रश्नावल्या मी नक्की कुणाला द्यायला हव्यात.

त्याच आठवड्यात कंपनीचे क्रीडा अधिकारी नाडकर्णी यांचा फोन आला. सभ्य माणूस, स्वतः एके काळी व्हॉलीबॉल खेळलेले. ते म्हणाले, "मॅडम, या मुलीची आक्रमकता मोजून द्या. समितीपुढे ठेवायची आहे. ती धोकादायक आहे की नाही, एवढं एक उत्तर हवंय."

"एक उत्तर निघेलच असं नाही," मी म्हटलं.

"आकडा तर निघेल ना?"

आकडा निघतोच. तीच तर अडचण.

हर्षदा माझ्याकडे आली ती ऑफिसच्या कपड्यांत, केस घट्ट बांधून. पाणी विचारलं तर नको म्हणाली. मी प्रश्नावली दिली आणि नेहमीप्रमाणे सांगितलं की इथे बरोबर-चूक काही नाही, जसं वाटतं तसं लिही. तिने खाली मान घालून भराभर खुणा केल्या. एकदाही थांबली नाही, एकही खोडली नाही. कागद दिला, "निघू?" म्हणाली आणि गेली.

मी बेरीज केली. मग चुकली असेल म्हणून पुन्हा केली. तोवर घेतलेल्या कुठल्याही चाचणीत इतका वर गेलेला आकडा मी पाहिला नव्हता. परतफेड करते? नेहमी. समोरचीला लागलं तर बरं वाटतं? नेहमी. वाईटातलं वाईट जे जे विधान होतं, त्याच्यासमोर 'नेहमी'. माझी चाळणी होती ती स्वतःला गरीब गाय म्हणवणाऱ्यांसाठी. स्वतःला वाघीण म्हणवणारी कुणी येईल, हे चाचणी तयार करताना कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

मी तिला परत बोलावलं. या खेपेला कागद नाही, फक्त चहा.

"हर्षदा, हे तू खरं लिहिलंस?"

"हो."

"समोरचीला लागलं की तुला बरं वाटतं?"

ती हातातला कप फिरवत म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी ती माझ्या कोपऱ्यातून दोनदा बोनसचा गुण घेऊन गेली. जाताना हसली. बोलली, कोपरा झोपलाय काय? मला राग आला. मला ती खाली हवी होती. अशी हवी होती की परत उठून हसायला नको. आणि मग ती खाली गेली, उठलीच नाही. आता मी कागदावर वेगळं काय लिहू?"

"तू तिचा गुडघा वळवलास?"

"माहीत नाही. मला आठवतच नाही. सगळे बोलतात वळवला. क्लिपमध्ये मी नाचतेय, सगळ्यांनी पाहिलंय. आई बाजारात बसते, तिला गिऱ्हाइकं विचारतात, ती पोरगी तुझीच काय?"

इतक्या वर्षांत राग लपवणारे शेकडो पाहिले होते. आपल्या मनात आलेल्या एका वाईट इच्छेला स्वतःच गुन्हा ठरवून त्याची शिक्षा मागायला आलेली मुलगी मी पहिल्यांदाच पाहत होते. तो आकडा तिच्या रागाचा नव्हताच. पण होता माझ्याच चाचणीचा, माझ्याच सहीचा. नको असलेला आकडा फाडून टाकायचा, तर उद्या हवा असलेला आकडा मी कुठल्या तोंडाने पुढे करणार?

बरोबरच्या मुलींना विचारण्यात अर्थ नव्हता, त्या पकडीत त्या स्वतःच होत्या. राहिला मार्ग बघण्याचा. त्यासाठी माझ्या जोडीला नेहमी सुमनताई असायच्या. त्या परळच्या, शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालेल्या, आणि त्याहून जास्त वर्षं पंच. आमची पद्धत अशी, की दोघींनी एकच सामना वेगवेगळा बघायचा, नियमबाह्य काय दिसलं ते टिपायचं, केस किंवा कपडे ओढणं, पायांची कैची घालणं, शिट्टीनंतर ढकलणं, आणि मग नोंदी ताडून बघायच्या. जुळल्या नाहीत की भांडायचं. आम्ही मनापासून भांडायचो.

आयोजकांकडून पूर्ण सामन्याचं चित्रण मागवलं. हर्षदाचे आधीच्या हंगामातले सामनेही आणवले. आमच्या दिवाणखान्यात रोज दुपारी आम्ही दोघी, चहाचा थर्मास आणि टीव्हीवर कबड्डी. माझे यजमान म्हणायचे, लोकांच्या बायका या वेळी मालिका बघतात.

आधीच्या सामन्यांत बोट ठेवायला जागा फार थोडी होती. चढाईपटू बाद झाली की हर्षदाचे हात सुटायचे, पंचाचा हात वर जायच्या आधीच. "ही तर शाळेतल्या मुलींना दाखवायला हवी," सुमनताई म्हणाल्या.

मग तो सामना लावला. पूर्वार्धात प्रणालीने दुसरा बोनस घेतला, हसली, काहीतरी बोलली. शिट्टी झालेली होती. हर्षदाने तिला दोन्ही हातांनी पाठीत ढकललं. पंचांच्या नजरेतून ते सुटलं होतं.

सुमनताईंनी चित्र थांबवलं. "हा फाऊल आहे," त्या म्हणाल्या. "लिही."

"लिहिते."

"चेहरा पाडून लिहू नकोस. ढकललं म्हणजे ढकललं."

मी लिहिलं. आणि मग ती पकड. आम्ही ती मागेपुढे करून इतक्यांदा पाहिली की पुढे काही दिवस मला स्वप्नात ते मॅट दिसायचं. हर्षदा झेपावते, घोटा धरते, तिची पाठ प्रणालीच्या गुडघ्याकडे आहे. प्रणाली वळून सुटायला बघते. त्याच क्षणी वरून तिघी येतात आणि गुडघा वळतो तो तेव्हा, तिघींच्या वजनाखाली. हर्षदाचे हात घोट्यावरून हललेले नाहीत. तिला तो गुडघा दिसूच शकत नव्हता. ती ढिगाऱ्याखालून बाहेर येते, प्रणालीकडे तिची पाठच आहे, मांडीवर थाप मारते, ओरडते. मोबाइलवरचा तुकडा इथे संपतो. पूर्ण चित्रणात पुढचं आहे. ती वळते. बघते. आणि तिथेच मॅटवर बसते. प्रणालीला उचलून नेईपर्यंत ती बसलेलीच आहे. तिच्या संघातल्या मुली तिला ओढून उठवतात.

सुमनताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "हे कुणी नाही फिरवलं," त्या म्हणाल्या.

अहवालात मी सगळं लिहिलं. तो आकडा लिहिला. तो का विश्वासाचा नाही तेही लिहिलं. शिट्टीनंतर ढकलल्याचं लिहिलं. पकड नियमात होती आणि दुखापत तिच्या हातून झालेली नाही, हेही लिहिलं. समितीच्या बैठकीत चित्रण लावून दाखवलं. ते संपल्यावर नाडकर्णी चाचणीचं पान उघडून म्हणाले, "मॅडम, तुमचं सगळं मान्य. पण आकडा इथे आहे. उद्या तिच्या हातून आणखी एखादी मुलगी जायबंदी झाली, तर लोक मला काय विचारतील? तुमच्याकडे आकडा होता ना, मग काय केलंत?"

मी म्हटलं, "त्यांना बाकीची पानं दाखवा."

"बाकीची पानं कोण वाचतं?"

ते कुत्सितपणे म्हणाले नाहीत, खरोखरच्या काळजीने म्हणाले. म्हणूनच मला जास्त राग आला. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आमच्या कॅरमच्या घराण्यात शोभेलसं नव्हतं. शेवटी तोडगा निघाला. हर्षदाला एक हंगाम संघाबाहेर ठेवायचं, नोकरी तशीच चालू, कायम करण्याचा निर्णय पुढे ढकलायचा, आणि हंगाम संपल्यावर पुन्हा चाचणी. मी आणखी एवढं मान्य करून घेतलं की तोवर सुमनताईंकडे तिचा सराव चालू राहील. मी हरले नव्हते, पण जिंकल्यासारखंही काही वाटत नव्हतं. त्यानंतर दुखापत झाल्या झाल्या कुणालाही प्रश्नावली द्यायची नाही, असा नियम मी स्वतःपुरता केला.

हर्षदाला निर्णय सांगितला तेव्हा ती "बरं" म्हणाली. जणू कमीच मिळाली शिक्षा. मग म्हणाली, "मॅडम, मला प्रणालीला भेटायचंय. एकटीने जायला भीती वाटते."

आमच्या धंद्यात अशा भेटी घडवून आणताना फार जपावं लागतं. मी आधी प्रणालीला फोन केला. तिचं ऑपरेशन होऊन ती घरी आली होती. म्हणाली, "येऊ दे. पण तिला सांगा, रडायला येऊ नको. इथे आई रडतेय तेवढं बस झालं."

लालबागच्या त्यांच्या जुन्या चाळीच्या जागी आता उंच इमारत झाली आहे. लिफ्टने वर गेलो तर मजल्यावरचं एकच दार सताड उघडं, चाळीतल्यासारखं. तेच प्रणालीचं घर. प्रणाली पलंगावर पाय लांब करून बसलेली, गुडघ्याला पट्टा. तिची आई दारातच उभी राहिली. मूळची मालवणकडची, बारीक अंगाची बाई. हर्षदाने आपल्या आईने दिलेली सुरमईची पिशवी पुढे केली. त्यांनी ती घेतली, ओट्यावर ठेवली, आमच्यापुढे चहा आणून ठेवला आणि पाठ करून स्वयंपाकघरात गेल्या. एक शब्द नाही.

हर्षदा खुर्चीच्या कडेवर बसली. "कसा आहे पाय?"

"आहे तिथेच आहे," प्रणाली म्हणाली. मग तिला कीव आली असावी. "ऐक, मला तुझ्या पकडीचा राग नाही. पकड चांगली होती. मीच उशिरा वळले. राग येतो तो मांडीवरच्या त्या थापेचा."

"मला माहीत नव्हतं तुला लागलंय."

"कळलंय मला. मॅडमनी फोनवर सांगितलं, पूर्ण व्हिडिओपण पाठवला. पाहिला मी. तरीपण येतो. मी खाली पडलेय आणि तो आवाज कानात आहे. तो जात नाही."

"मी तुला ढकललंपण होतं. शिट्टीनंतर."

"मग? मीपण तुला डिवचलं होतं."

खालून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. हर्षदाने रडू नको ही अट पाळली, पण नाक सारखं ओढत होती. शेवटी प्रणालीनेच पलंगावरचा रुमाल तिच्याकडे फेकला. "हे धर. पुस. आणि चहा घे, आई परत गरम करणार नाही."

निघताना हर्षदा स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली. "येते, मावशी." आतून भांड्यांचा आवाज आला, उत्तर नाही.

पण प्रणालीचे फोन सुरू झाले. आधी व्यायामाच्या तक्रारी, मग दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांची निंदा, जी मैत्रीची सर्वांत भक्कम पायाभरणी असते. काही महिन्यांनी डॉक्टरांनी हळूहळू सरावाला परवानगी दिली आणि एका सकाळी प्रणाली परळच्या मैदानावर, सुमनताईंकडे हजर झाली. मीही गेले होते.

"पळता येतंय, वळता येतंय," ती म्हणाली. "पण घोट्याला कुणी हात लावायला आलं की मी पाय आधीच ओढून घेते. अशी चढाई नाही होत." मग हर्षदाकडे वळून म्हणाली, "तू धर."

"मी?"

"तुझ्यापेक्षा वाईट काय होणार आहे आता?"

हर्षदा कोपऱ्यात उभी राहिली. प्रणाली आली, पाय पुढे टाकला. हर्षदा झेपावली, घोटा हातात आला आणि हात आपोआप उघडले. पुन्हा तेच. पुन्हा. मी बघत होते आणि मला कळत होतं की ही मुलगी आता कुणालाच धरू शकत नाही. समितीला जी धोकादायक वाटत होती, तिच्यात खेळायला लागतो तेवढाही जोर उरला नव्हता.

"हर्षदा," सुमनताई म्हणाल्या, "ती तुझ्यावर भरवसा ठेवून आलीय. तू तिला काय देतेस? धरल्याचं नाटक?"

हर्षदाने ट्रॅक पँटला तळवे पुसले. प्रणाली पुन्हा आली. या वेळी हात मिटले ते मिटलेच. प्रणाली आडवी झाली, कोपरावर पुढे सरकत रेषेकडे हात लांबवत राहिली, दम संपला, हात टेकला तो रेषेच्या अलीकडेच. सुमनताईंनी शिट्टी मारली. हर्षदाने तत्क्षणी सोडलं आणि प्रणालीच्या तोंडाकडे बघत गुडघ्यांवर बसून राहिली.

"दुखलं?"

"नाही गं," प्रणाली धापा टाकत म्हणाली. "भीती वाटली. पण दुखलं नाही. परत."

त्या सकाळी त्या दोघी ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबल्या नाहीत.

हंगाम संपल्यावर हर्षदाची पुन्हा चाचणी झाली. आकडा चारचौघींसारखा आला. परतफेडीच्या विधानापुढे तिने 'कधीकधी' अशी खूण केली होती. ते बघून मला फार बरं वाटलं. नाडकर्णींनी तिला संघात परत घेतलं, नोकरी कायम झाली, आणि आकडा खाली कसा आणलात म्हणून माझं अभिनंदनही केलं. मी आभार मानले. प्रत्येक माणसाला सगळं समजावून सांगण्याचं माझं वय राहिलं नव्हतं.

पण त्याच्या आधीची एक गोष्ट सांगायची आहे. प्रणालीचा परतल्यानंतरचा पहिला सामना होता, दादरला. हर्षदा तेव्हा संघाबाहेरच होती, म्हणून ती माझ्याबरोबर प्रेक्षकांत आली. आम्ही बसलो आणि बघते तर हर्षदाच्या पलीकडच्या खुर्चीवर प्रणालीची आई. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि नजर मॅटवर लावली. मुलीचा सामना बघायला त्या आयुष्यात पहिल्यांदाच आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. दुखापतीनंतर त्यांनी प्रणालीला खेळ सोड म्हणून शपथा घातल्या होत्या.

प्रणालीची पहिली चढाई कोरी गेली. दुसरीत तिने एकीला बाद केलं. तिसऱ्या चढाईत ती उजव्या कोपऱ्याकडे गेली, पाय पुढे टाकला आणि तिथल्या मुलीने घोटा धरला. वरून आणखी दोघी आल्या. प्रणाली दिसेनाशी झाली.

हर्षदा उठून उभी राहिली. तिच्या शेजारी प्रणालीच्या आईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्यांच्या मांडीवरची पिशवी हर्षदाच्या रिकाम्या खुर्चीवर घसरली. शिट्टी वाजली. वरच्या दोघी बाजूला झाल्या, मग घोटा धरणारी. प्रणाली उठून बसली. गुडघा चाचपला. उभी राहिली, पकड करणाऱ्या मुलीच्या खांद्यावर चापट मारली आणि स्वतःच्या पायांनी चालत बाहेर गेली. बाद झाली होती.

आईंनी तोंडावरचे हात खाली घेतले. मग मॅटवरची नजर न काढता, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, त्या हर्षदाशी बोलल्या.

"ता धरल्यान, ता बरोबर होता काय गो?"

हर्षदाने मनातल्या मनात ती पकड पुन्हा पाहिली असावी, आम्ही पाहायचो तशी.

"बरोबर होतं, मावशी," ती म्हणाली. "चांगली धरली तिने."

आईंनी मान हलवली. पुढची चढाई सुरू झाली होती.

"मगे तो खेळच आसा," त्या म्हणाल्या, आणि अजून उभ्याच असलेल्या हर्षदाला बसता यावं म्हणून तिच्या खुर्चीवर पडलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.